माझं घर, इयत्ता चौथी

चौथीच्या बाईंच्या वर्गात विषयांचे तास नव्हते. गणिताचा तास, भाषेचा तास, विज्ञानाचा तास ही वाटणी त्यांनी मुख्याध्यापिकांच्या मागे लागून लागून बंद पाडली होती. एक सूत्र घ्यायचं, काही आठवडे तेच चालवायचं आणि सगळे विषय त्यात मण्यांसारखे ओवायचे. पहिलं सूत्र होतं पाणी. मुलांनी बादल्या मोजल्या, ढगांवर कविता केल्या, वाळूची गाळणी बनवली, शेवटी सगळ्याचं प्रदर्शन मांडलं. नंतरच्या पालकसभेत एक आजोबा उठून म्हणाले, "नळ गळताना दिसला की नातू मलाच लिटरचा हिशेब विचारतो. म्हातारपणी जगणं मुश्कील केलंत!" सभा हसली, मुख्याध्यापिकाही हसल्या. बाईंनी मनातल्या मनात गड जिंकला.

दुसरं सूत्र त्यांनी घेतलं, माझं घर.

"औषध गुळातून द्यावं तसं गणित पाजता तुम्ही पोरांना," चित्रकलेचे सर म्हणाले.

"आणि चित्रकला म्हणजे गूळ वाटतं?"

"गूळच. म्हणून तर मुंग्या माझ्या वर्गात जास्त."

सर बोलायला तिरके, पण व्हरांड्याची भिंत त्यांनीच सजवून दिली. प्रत्येक मुलाला छतापासून गुडघ्यापर्यंतचा कागदाचा एक पट्टा. सर्वांत वर घराचं समोरून काढलेलं चित्र. त्याखाली शाळेच्या फाटकापासून घरापर्यंतचा नकाशा, वाटेतल्या खुणांसह. मग खोल्यांचा आराखडा, वितीने मोजून. मग घरातल्या माणसांचं घड्याळ, म्हणजे कोण कधी बाहेर जातं आणि कधी परततं. त्याखाली घरातलं एखादं साधं यंत्र, तरफ, कप्पी, पाचर, जे सापडेल ते. आणि तळाशी संध्याकाळच्या घराचं दहा ओळींत वर्णन. बाईंची अट एकच होती, खरं लिहायचं. पुस्तकातलं घर नको, आपलंच हवं.

भिंतीच्या टोकाला त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली, "वरून खाली वाचा आणि आमच्या घरी या."

वर्गात एक मुलगी वर्षाच्या मध्येच आली होती. पेन्सिलींचे तुकडे, बटणं, खोडरबराचे कोपरे असं काय काय ती खिशात साठवायची, म्हणून पोरांनी तिला खारू करून टाकलं होतं. ती आली त्या दिवशी तिची आई मुख्याध्यापिकांशी दार लावून बराच वेळ बोलली. नंतर मुख्याध्यापिकांनी बाईंना बाजूला घेतलं. "हिला न्यायला फक्त आईच येईल. दुसरं कुणी आलं, अगदी देव आला तरी, पोरीला सोडायचं नाही. का, ते विचारू नका."

बाईंनी विचारलं नाही. फाटकावरचा हा नियम त्यांनी दगडावरच्या रेघेसारखा पाळला. एकदा आईला उशीर झाला तेव्हा तिला न्यायला आलेल्या शेजारणीलाही त्यांनी परत पाठवलं होतं आणि स्वतः अंधार पडेपर्यंत खारूशेजारी पायरीवर बसून राहिल्या होत्या.

घराचं सूत्र सुरू झालं त्या आठवड्यात खारू टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मी दुसरं घर करू का? गोष्टीतलं?"

"का गं?"

"आमचं छोटंय."

ती खाली बघत होती. गरिबीची लाज बाईंनी कितीतरी पोरांच्या डोळ्यांत पाहिली होती, आणि ती ओळखता येते असा त्यांना विश्वास होता. त्यांनी खारूच्या पाठीवर हात ठेवला. "छोट्या घराचा नकाशा सगळ्यांत सुबक होतो. बघ तू."

आणि तसाच झाला. टायरच्या दुकानाच्या मागची एकच खोली, पण खारूने ती अशी मोजली होती की मोठ्या बंगल्यांच्या पोरांनी तोंडात बोट घालावं. यंत्र म्हणून तिने मागच्या दाराची कडी घेतली होती. दार आणि चौकट यांच्यातल्या फटीतून फूटपट्टी घालून तिचं बाहेरचं टोक खाली दाबलं की कडी वर उचलली जाते, म्हणजेच ही तरफ आहे, असं तिने आकृती काढून, टेकू आणि भार दाखवून लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, "आई किल्ली विसरली की आम्ही असंच आत जातो." वर्गात तरफ इतकी स्वच्छ कुणालाच कळली नव्हती. बाईंनी त्यावर चांदणी चिकटवली.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी तो माणूस आला. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, चपला दाराशी काढून ठेवलेल्या. गर्दी अजून जमायची होती, मुलं सभागृहात गाण्याची तालीम करत होती. तो भिंतीसमोरून सावकाश चालत गेला, प्रत्येक पट्ट्यापाशी थांबत, हात पाठीमागे बांधून. घाईघाईने आपल्या पोराचा कागद शोधणारे पालक बाईंना नवे नव्हते. सगळ्यांचं वाचणारा हा पहिलाच.

खारूच्या पट्ट्यापाशी तो थांबला आणि हसला. "सापडली. माणसांना मान काढतच नाही ही पोरगी. लहानपणापासून."

खरंच, चित्रातल्या आईचं डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं होतं. "तुम्ही कोण तिचे?" बाईंनी विचारलं.

"मामा. गाव सोडून लांब असतो. इंटरनेटवर शाळेच्या पानावर त्या पाण्याच्या प्रदर्शनाचा फोटो पाहिला, त्यात आमची भाची. म्हटलं, जाऊन यावं." मग भिंतीकडे हात करून म्हणाला, "पण हे वाचायचं कसं? आमच्या वेळी असं काही नव्हतं हो."

असं कुणी विचारलं की बाईंचा चेहरा उजळायचा. त्यांनी हातात पट्टी घेतली आणि वरून सुरुवात केली. हे बघा, ही कला. हा भूगोल, फाटकातून उजवीकडे, पाण्याची टाकी, मग टायरचं दुकान. हे मोजमाप. हे घड्याळ, खारूला शाळेतून घरी सोडून आई परत कामावर, पाच वाजता घरी, तोवर खारू एकटी गृहपाठ करते. हे विज्ञान. एकेक तुकडा वेगळा वाचला तर काहीच कळत नाही. सगळे जोडले की अख्खं घर उभं राहतं. हीच तर गंमत आहे.

"वा," तो म्हणाला. "डोकं लागतं याला." त्याने फोन काढून पट्ट्याचे फोटो घेतले, वरून खाली, एकही भाग न सोडता.

"बोलावू का तिला? तालमीत आहे."

"नको नको! आज घरीच जाऊन चकित करतो दोघींना. तुम्हीही सांगू नका हं, बाई. नाहीतर सगळी मजा जाईल."

बाईंनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मुलीला तर हा मागतच नव्हता. फाटकावरचा नियम शाबूत होता.

खारूची आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. ती सुट्टी मागून आली तेव्हा व्हरांडा माणसांनी फुलला होता आणि खारू तिच्या हाताला धरून तिला ओढत होती. "चल ना, माझं बघ ना!"

बाईंच्या पोटात गुपित मावत नव्हतं. त्या हसत म्हणाल्या, "आज घरी काहीतरी गोडधोड करून ठेवा बरं. पाहुणे येणार आहेत."

"कोण पाहुणे?"

"ते मी सांगायचं नाही. पण भाचीचं फार कौतुक आहे हो तुमच्या भावाला."

खारूच्या आईने हातातली पिशवी खाली ठेवली. अगदी हळू, जणू तिच्यात काचा होत्या.

"मला भाऊ नाही," ती म्हणाली.

मग ती भिंतीकडे वळली. चित्र, नकाशा, आराखडा, घड्याळ. तिचे डोळे खाली खाली सरकत होते आणि बाई तिच्या नजरेबरोबर तोच पट्टा पुन्हा वाचत होत्या. कडीच्या आकृतीपाशी आईची नजर थांबली. चांदणी अजून चमकत होती.

"त्याने हे वाचलं?"

वाचलं नाही, मी वाचून दाखवलं, हे कसं सांगायचं? "फोटो घेतले," एवढंच त्या म्हणाल्या.

खारूने दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. लहान मुलांना अशा वेळी कळायला वेळ लागत नाही. "मी पत्ता नाही लिहिला, आई," ती म्हणाली. "शप्पथ. तू म्हणालीस पत्ता सांगायचा नाही, मी कुठ्ठेच नाही लिहिला. आडनाव पण नाही."

आईने तिला पोटाशी घेतलं. त्या पोरीने कुठलाच नियम मोडला नव्हता.

पुढचं सगळं मुख्याध्यापिकांच्या खोलीत, दार लावून झालं. मुख्याध्यापिकांनी पोलीस ठाण्यात फोन केला. खारूची आई सरळ, कोरड्या आवाजात सांगत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाचं. नवऱ्यापायी याआधीची दोन घरं ती अशीच सोडून आली होती. आधीच्या वेळी त्याने दार तोडलं होतं. त्या रात्रीनंतर तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. तो ओरडत नाही, ती म्हणाली. लोकांना तो आवडतो. लोकच त्याला वाट दाखवतात.

चित्रकलेचे सर आत आले. त्यांना थोडक्यात कळलं तसे ते दाराकडे वळले. "आत्ता जाऊन तो पट्टा फाडून टाकतो."

"नका," बाई म्हणाल्या. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचं डोकं चालायला लागलं होतं. "तो परत आला आणि तिथे मोकळी जागा दिसली, तर त्याला कळेल की आपल्याला कळलंय. राहू दे तसाच."

"परत कशाला येईल?"

"पाच वाजता घरी कुणी आलं नाही की येईल," खारूची आई म्हणाली. "मुकाट्याने परत जाणारा माणूस नाही तो."

ठाण्यातून गाडी निघाल्याचा निरोप आला, पण रस्त्यात गर्दी होती. तोवर आई आणि खारूला व्हरांड्याच्या टोकाच्या सामानाच्या खोलीत बसवलं. रंगांचे डबे, जुने तक्ते, तुटकी बाकं. सर त्यांच्यासोबत आत बसले. पालक हळूहळू पांगले. मुख्याध्यापिका फाटकावर उभ्या राहिल्या. बाई भिंतीपाशी एकट्याच होत्या, हातात तीच पट्टी.

तो मागच्या मैदानाच्या बाजूने आला. फाटकाकडून येईल असं सगळ्यांनी का धरलं होतं कोण जाणे.

"घरी कुणीच नाही हो, बाई," तो म्हणाला. चपला या वेळीही दाराशी काढल्या होत्या. "तुमच्या घड्याळात तर पाचला आई घरी."

"अहो मामा, मुलांची घड्याळं ती!" बाई हसल्या. हसू कुठून आलं त्यांना कळलं नाही. "काहीही लिहितात. निम्मं बनवलेलंच असतं. कुणाच्या घरात हत्ती आहे, कुणाच्या छतावर झोपाळा. मी फार ताणत नाही. भिंत भरल्याशी मतलब."

"असं?"

"या पोरीने तर मैत्रिणीचं घर उतरवलंय म्हणे. मलाही आत्ताच कळलं."

तो पट्ट्यासमोर जाऊन उभा राहिला. बोटाने कडीची आकृती हळूच पुसल्यासारखी केली. "कडी मात्र अगदी खरी लिहिलीय तिने," तो म्हणाला. "पट्टी घातली आणि उचलली गेली."

म्हणजे तो आत जाऊन आला होता. त्या एका खोलीत बसून त्याने वाट पाहिली होती. तो एक छोटी खुर्ची ओढून तिच्यावर बसला, गुडघे छातीशी आले तरी अवघडला नाही. "थांबतो थोडा. दप्तर न्यायला तरी येईलच ना पोरगी."

वर्गाच्या उघड्या दारातून खुंट्या दिसत होत्या. त्यांच्यावर एकच दप्तर उरलं होतं.

"ते विसरून गेली आज," बाई म्हणाल्या. "दुपारीच गेल्या दोघी. आईला कुठली तरी गाडी पकडायची होती. पिशवी होती मोठी हातात."

"कुठली गाडी?"

"मला काय सांगणार त्या? मी पडले शाळेतली बाई."

तेवढ्यात सामानाच्या खोलीत पत्र्याचा डबा घरंगळला.

त्याने मान वळवली. उठला नाही, फक्त ऐकत राहिला. दार करकरलं आणि चित्रकलेचे सर एकटेच बाहेर आले, हात निळ्या रंगाने माखलेले. त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"उंदीर हो बाई, उंदीर! निळा डबा पाडला मेल्यांनी. उद्या शाळेत निळे उंदीर फिरतील, मग ठेवा तुमचं पुढचं सूत्र, प्राणी." मग माणसाकडे बघून, "पालक का? प्रदर्शन संपलं, साहेब. आता झाडूवाल्याचं राज्य."

तो त्या कुलपाकडे बघत होता. सर दारासमोरून हलले नाहीत. रंगाचे हात सदऱ्याला पुसत ते तिथेच उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचा विनोद सुचला नाही.

फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मुख्याध्यापिका कुणाशी तरी बोलत होत्या. व्हरांड्यातून खाकी गणवेशाचा रंग दिसला तसा तो माणूस उठला. खुर्ची जागेवर ठेवली, दोन्ही हात जोडले.

"छान शिकवता, बाई. असंच शिकवत राहा," तो म्हणाला, चपला हातात घेऊन मैदानाच्या बाजूने निघाला, आणि कुंपणापलीकडे दिसेनासा झाला. पळाला नाही. गाडीतून उतरलेली महिला अधिकारी धावत कुंपणापर्यंत गेली तोवर गल्ली रिकामी होती.

खारूला आणि तिच्या आईला नेलं ते त्याच गाडीतून, मागच्या बाकावर आडवं झोपवून, वर पडद्याचं कापड टाकून. बाईंना खारूशी दोन शब्द बोलायचे होते. त्या खिडकीशी वाकल्या तर कापडाखालून बारीक आवाज आला, "बाई, माझा पट्टा तुम्ही घरी न्या. तो इथे नको."

ठाण्यातली अधिकारी दार लावताना म्हणाली, "कुठे नेतेय ते विचारू नका. तुम्हाला ठाऊक नसलेलंच त्यांच्या फायद्याचं. आणि कुणीही विचारलं, फोनवर, पत्राने, शाळा म्हणून विचारलं, नातेवाईक म्हणून विचारलं, तरी ही मुलगी इथे कधी नव्हती. कळलं?"

"कळलं," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी आणि सरांनी मिळून अख्खी भिंत उतरवली. एकट्या खारूचीच नाही, सगळ्यांची. प्रत्येक पट्टा उतरवताना बाईंना तो नव्याने वाचता येत होता. या घरी आजी दिवसभर एकटी असते. या घराची किल्ली कुंडीखाली असते. इथे बाबा रात्रपाळीला जातात. पालकांनी सोमवारी विचारलं तेव्हा ओल आली म्हणून काढलं असं सांगितलं.

तो सापडला नाही. दर काही दिवसांनी मुख्याध्यापिका ठाण्यात विचारत आणि तेच उत्तर घेऊन परतत. शाळेच्या पानावरचे सगळे फोटो पुसले गेले. बाई शाळेतून निघताना फाटकातून उजवीकडे वळत नसत, लांबच्या रस्त्याने जात. दाराशी कुणी चपला काढून ठेवलेल्या दिसल्या की आत कोण आहे ते त्या आधी डोकावून पाहत. वर्गात आता 'बी' हे नवं सूत्र चाललं होतं. मुलं कापसावर कडधान्यं भिजवत होती, कोंबांची लांबी मोजत होती. खारूच्या जागेवर दुसरी मुलगी बसू लागली होती.

एका सकाळी कार्यालयातला फोन वाजला. मुख्याध्यापिका कागदांत गुंतल्या होत्या, बाईंनी उचलला. पलीकडे एका बाईचा आवाज होता, मऊ, थोडा दमलेला.

"नमस्कार. मी एका शाळेतून बोलतेय. वर्ग चौथी. आमच्याकडे मध्येच एक मुलगी आलीय, कागदपत्रं काही नाहीत. फार गप्प असते. तुमच्या शाळेत होती असं तिच्या बोलण्यातून कळलं. सगळे विषय एकत्र शिकवता ना तुम्ही? त्यामुळे गणितात कुठवर आलीय मला काही अंदाजच येत नाहीये."

"नाव काय म्हणालात?"

आवाजाने नाव सांगितलं. हजेरीतलं खरं नाव, आडनावासकट.

हा आवाज खराच एखाद्या शिक्षिकेचा असू शकत होता. शिक्षिका असंच बोलते, असाच प्रश्न विचारते. आणि त्याला एखादी बहीण असू शकत होती, एखादी ओळखीची, एखादी भली बाई, जिला तो आवडतो. भागाकार येतो तिला, बाईंच्या जिभेवर आलं होतं. अपूर्णांक राहिलेत. तरफ उत्तम येते. तिला पुढे बसवा, मागे बसवू नका.

"अशी कुणी मुलगी आमच्याकडे नव्हती," त्या म्हणाल्या.

"नक्की? एकदा बघता का प्लीज? कारण ती म्हणते, तिच्या बाईंनी—"

"नव्हती. चुकीच्या शाळेत फोन लागलाय तुमचा."

पलीकडे कुठेतरी मुलांचा गलका ऐकू येत होता, किंवा रस्त्याचा. मग आवाज "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

"कोण होतं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. तो खोटा फोन असेल तर खारू अजून सुरक्षित होती. खरा असेल तर आज दुपारी कुठल्या तरी वर्गात एक शिक्षिका तिला सांगणार होती की तुझ्या बाई तुला ओळखत नाहीत.

फोन पुन्हा वाजायला लागला. मुख्याध्यापिकांनी हात पुढे केला. बाईंनी तो हात मनगटाशी घट्ट पकडला आणि घंटा आपोआप थांबेपर्यंत सोडला नाही.